रडताना मुलाचा हात लुळा पडतो? दुर्लक्ष करू नका

समजा, सहा वर्षांची मुलगी हट्ट करून जोरजोरात रडतेय आणि रडता रडता तिचा उजवा हात एकदम लुळा पडला. हातातला पेला सुटला, बोलणं अडखळलं. घरात धावपळ उडाली, पण दहा मिनिटांत सगळं पूर्वीसारखं झालं. मग कुणी म्हणतं अशक्तपणा असेल, कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणाला ते शाळा टाळायचं नाटक वाटतं. मुलगी पुन्हा खेळायला लागते आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर विषय तिथेच सुरू व्हायला हवा. काही मिनिटांसाठी आलेला असा लुळेपणा म्हणजे मेंदूला रक्त कमी पडल्याची सूचना असू शकते. मुलांमध्ये यामागे जी कारणं असतात, त्यातलं एक दुर्मीळ पण महत्त्वाचं कारण म्हणजे मोयामोया.

नाव जपानी, आजार जगभर

मोयामोया या जपानी शब्दाचा अर्थ हवेत तरंगणारा धुराचा लोट. हा आजार 1957 मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदवला गेला आणि 1969 मध्ये सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी त्याचं हे नाव रूढ केलं.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या कवटीत शिरल्यावर जिथे फांद्यांमध्ये विभागतात, तिथेच त्या हळूहळू अरुंद होत जातात. इथे कोलेस्टेरॉल साचलेलं नसतं, तर धमनीचं आतलं अस्तरच जाड होत जातं. मुख्य रस्ता बंद व्हायला लागला की मेंदू स्वतःच पर्याय शोधतो आणि तळाशी असंख्य बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीच्या चित्रात हे जाळं धुरासारखं दिसतं. पण या गल्लीबोळांतून पुरेसं रक्त जात नाही आणि नाजूक असल्याने त्या फुटूही शकतात. म्हणूनच मुलांमध्ये सहसा रक्त कमी पडून त्रास होतो, तर मोठ्यांमध्ये त्याबरोबरच मेंदूत रक्तस्राव होण्याचाही धोका असतो.

रडल्यावरच का?

जोरात रडताना किंवा भराभर श्वास घेताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. निरोगी मुलाला त्याने काही होत नाही. पण जिथे आधीच रक्त कसंबसं पोहोचतंय, तिथे तेवढंही भारी पडतं. फुगा फुगवताना, गरम दुधावर फुंकर घालताना किंवा बासरी वाजवताना असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

कुणाला होऊ शकतो?

जपान, कोरिया आणि चीनमध्ये हा आजार जास्त आढळतो, पण भारतातही रुग्ण आहेत. 5 ते 10 वर्षांची मुलं आणि 30 ते 50 वयोगटातली माणसं यांच्यात तो अधिक दिसतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आहे. आरएनएफ213 या जनुकाशी त्याचा संबंध असल्याचं 2011 मध्ये समोर आलं.

डाउन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस, सिकलसेल किंवा लहानपणी डोक्याला दिलेलं रेडिएशन यांच्यासोबतही धमन्या अशाच अरुंद होऊ शकतात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तिथल्या पालकांनी मुलाच्या हातापायातल्या क्षणिक कमजोरीकडेही लक्ष द्यायला हवं.

ही लक्षणं ओळखा

• शरीराच्या एका बाजूचा हात किंवा पाय काही वेळ लुळा पडणं, मुंग्या येणं
• अचानक बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं
• वारंवार डोकेदुखी, झटके येणं
• अभ्यासात किंवा लक्ष देण्यात हळूहळू मागे पडणं
• मोठ्यांमध्ये अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, शुद्ध हरपणं

असं काही घडलं तर 108 वर फोन करा. अॅम्ब्युलन्सची वाट बघताना घरातल्या एकाने मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं, तेव्हा तो डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्रास आपोआप थांबला तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्या. निदानासाठी एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची एमआर अँजिओग्राफी करतात. शस्त्रक्रियेआधी बहुधा जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून संपूर्ण अँजिओग्राफी केली जाते.

शस्त्रक्रिया कशी होते?

धमन्या अरुंद होणं थांबवणारं औषध अजून नाही. अॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी गुठळी होण्याची शक्यता कमी होते, पण रस्ता मोकळा होत नाही. हृदयासारखा स्टेंट का टाकत नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. इथे धमनीची भिंतच आजारी असल्याने ती पुन्हा अरुंद होते. म्हणून बंद रस्ता उघडण्याऐवजी नवा रस्ता काढतात.

कानाच्या अगदी पुढे हलकेच बोट ठेवून बघा, ठोके जाणवतील. टाळूच्या त्वचेला रक्त पुरवणारी ही धमनी या शस्त्रक्रियेत कामी येते.

थेट बायपासमध्ये कवटीला छोटी खिडकी पाडून ही धमनी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमनीला जोडतात. दोन्ही जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या असतात. केसापेक्षा बारीक धाग्याने मायक्रोस्कोपखाली टाके घातले जातात. रक्तपुरवठा लगेच वाढतो.

लहान मुलांच्या धमन्या जोडायला फारच बारीक असल्या तर अप्रत्यक्ष पद्धत वापरतात. धमनी न कापता, किंवा कानशिलाचा स्नायू, मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवतात. रक्तासाठी भुकेला मेंदू त्यातून स्वतःच नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतो. त्याला काही महिने लागतात, पण मुलांमध्ये हे फार छान जमतं. कधी दोन्ही पद्धती एकत्र केल्या जातात. दोन्ही बाजूंना आजार असेल तर बहुधा दोन वेगवेगळ्या वेळी शस्त्रक्रिया होते.

निर्णय घेताना

मूल हसतंखेळतं असताना त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करायची, हे आईवडिलांना पटणं कठीण असतं. जोखीम खरीच आहे. शस्त्रक्रियेच्या आसपासच्या दिवसांत स्ट्रोक येऊ शकतो. पण वाट बघण्यातही जोखीम आहे आणि मेंदूचा मेलेला भाग परत मिळत नाही. आधी रक्तस्राव झालेल्या 80 प्रौढ रुग्णांवर जपानमध्ये झालेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायपास न केलेल्यांमध्ये पुन्हा रक्तस्रावाचं प्रमाण वर्षाला 7.6 टक्के होतं, तर केलेल्यांमध्ये 2.7 टक्के.

त्यामुळे सर्जनना मोकळेपणाने विचारा: तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? आमच्यासाठी कोणती पद्धत आणि का? खर्च सरकारी योजनेत बसतो का? तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनल संस्था, बंगळुरूची निम्हान्स, दिल्लीचं एम्स अशा सरकारी संस्थांमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ आहेत. दुसरं मत जरूर घ्या.

घरी आल्यावर

• शरीरात पाणी कमी पडू देऊ नका. निर्जळी उपवास टाळा. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
• मूल फार वेळ रडणार नाही हे बघा. पण त्याचा अर्थ प्रत्येक हट्ट पुरवणं असा नाही.
• कपालभाती, भस्त्रिका असे भराभर श्वासाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.
• चष्म्याची घट्ट काडी किंवा हेअरबँड कानापुढच्या धमनीवर दाबला जाणार नाही, याची काळजी घ्या.
• गोळ्या मनाने बंद करू नका. दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी, अगदी दात काढतानाही, आजाराची कल्पना द्या.
• गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी किंवा बाळाचा विचार करताना स्त्रियांनी न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचाही सल्ला घ्यावा.
• शाळेतल्या शिक्षकांना आजाराबद्दल आणि त्रास झाल्यास काय करायचं याबद्दल लिहून द्या.

वेळेवर शस्त्रक्रिया झालेली अनेक मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होऊन आपल्या पायावर उभी राहतात. त्यासाठी पहिल्यांदा हात लुळा पडला, तेव्हाच कुणीतरी ते गांभीर्याने घ्यायला हवं. ते काम घरातल्या माणसांचंच आहे.