मुदत संपलेला दाखला

अंकीय दाखला म्हणजे संगणकाचे ओळखपत्र. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या प्रणालीतील अशा एका दाखल्याची मुदत संपली आणि ब्रिटनमधील ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचे मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडले. मग तारीखच का बदलू नये? दाखला देणाऱ्याची सही तारखेसकट साऱ्या मजकुरावर असते. एक आकडा बदलला की ती खोटी ठरते. तेव्हा ‘नूतनीकरण’ हा शब्दच फसवा. निघतो तो नवा दाखला. किल्ली मात्र जुनी चालते. आपल्या संस्थेपुरते दाखले देणारे पुष्कळजण ‘ओपनएसएसएल’ वापरतात. त्याच्या नोंदवहीत तारीख उलटूनही जुना दाखला ‘वैध’ म्हणूनच उभा राहतो—कचेरीतल्या वह्यांची आठवण व्हावी!—आणि मूळ मांडणीत त्याच नावाच्या नव्याला नकार मिळतो. आधी ‘अपडेटडीबी’ ही आज्ञा देऊन जुना मुदतबाह्य नोंदवावा, मग नव्यावर सही मागावी.