पंडिता रमाबाईंची अठरा वर्षे

नवरात्रात तुळजापुरात राहणाऱ्याला एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवते. गाभाऱ्यात मंत्र संस्कृतात चालतात. पण कित्येक कोस पायी चालून आलेली बाई कळस दिसताच आईशी जे बोलते, ते घरच्या मराठीत. शास्त्राची भाषा आणि अंतःकरणाची भाषा यांमधील हे अंतर ज्ञानदेवांनी गीतेच्या बाबतीत सात शतकांपूर्वी ओलांडले. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या बाबतीत तोच उद्योग महाराष्ट्रातील एका स्त्रीने मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे खर्चून केला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे चरित्र आपण बहुधा अर्धेच वाचतो. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांना चकित करणारी तरुणी, १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देणारी विधवा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणारी समाजसेविका, येथवर आपण कौतुकाने येतो. पुढे १८९३ साली सदनातील धर्मांतराचा वाद पेटला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि सुधारकांनीही पाठ फिरविली. केडगावच्या मुक्ती सदनात त्या गेल्या, तेव्हा त्या सार्वजनिक जीवनातून उठल्या अशीच महाराष्ट्राने नोंद केली. ही नोंद दुरुस्त करावयास हवी. बायबलचे भाषांतर हा रमाबाईंच्या सार्वजनिक कार्याचा त्याग नव्हता. ती त्याच कार्याची परिणती होती.

हे जरा मुळापासून पाहावे लागेल. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. त्याच मातेने रमाबाईंना संस्कृत शिकविले. शास्त्र स्त्रीला कळू नये या रूढीशी त्यांचा झगडा असा जन्मापासूनचा होता. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील नेले. पुढे १८९६ नंतरच्या दुष्काळांत अनाथ झालेल्या शेकडो मुली त्यांनी केडगावी आणल्या. या मुलींना कळेल असे धर्मशास्त्र मराठीत हवे, ही गरज त्यातून उभी राहिली. सेरामपूरचा १८११ चा नवा करार धरता मराठीत बायबल येऊन जवळजवळ शतक लोटले होते. तथापि प्रचलित भाषांतराची भाषा अल्पशिक्षित स्त्रीला जड जाते, असा रमाबाईंचा अनुभव होता.

हिब्रू महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नव्हती. कोकणातील बेने इस्राएल समाजाची ती प्रार्थनेची भाषा; त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले होते. परंतु एका भारतीय स्त्रीने ती भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबल एकहाती मराठीत आणावे, ही गोष्ट अपूर्व होय. हिब्रूतील शब्द बहुतांशी तीन व्यंजनांच्या धातूंपासून घडतात. धातू आणि प्रत्यय यांचा विचार बालपणीच अंगवळणी पडलेल्या बुद्धीला ही वाट दुर्गम वाटली नसावी.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. वर्गात ‘सीमांत उपयोगिता’ हा शब्द घोकून दाखविणारा विद्यार्थी, चौथ्या भाकरीची गोडी पहिलीइतकी का नसते हे सांगताना अडखळतो, हे मी वर्षानुवर्षे पाहतो. ज्ञान मराठीत आले म्हणजे लोकांपर्यंत पोहोचलेच असे नाही. रमाबाईंनी नेमके हेच ओळखले होते. शिवाय मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे तेथील स्त्रियांनीच केली. ज्यांना समाजाने केवळ पोसण्याचे ओझे मानले, त्यांच्या हातून एवढा ग्रंथ निर्माण झाला.

या कामाची एक उणीवही सांगितली पाहिजे. हिंदू देवधर्माचा वास असलेले शब्द रमाबाईंनी कटाक्षाने टाळले, आणि मुळाशी शब्दशः इमान राखले. त्यामुळे भाषा साधी झाली, पण अनेक ठिकाणी तिला मराठीचा स्वाभाविक डौल राहिला नाही. याउलट रेव्हरंड ना. वा. टिळकांनी संतांच्या अभंगवाणीतून ख्रिस्तभक्ती गाइली, आणि ती पदे चर्चमधून घुमली. रमाबाईंचे भाषांतर मात्र मागे पडले. चर्चमध्ये बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली. लोकांची भाषा केवळ सोप्या शब्दांची नसते, तिच्यात लोकांच्या आठवणीही असतात, हा त्यातील धडा आहे.

१९२१ साली कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. परंतु मूळ हिब्रूशी हे भाषांतर ताडून, त्यातील यश आणि अपयश दोन्ही मांडणारे अभ्यासक मराठी विभागांतून निघावयास हवेत. सोलापूरहून पुण्याकडे जाणारी गाडी केडगाववरूनच जाते. वाटेत एकदा तेथे उतरण्यास आपला धर्म आड येण्याचे कारण नाही.