गल्ल्यावरचा चौकोन आणि छोट्या हॉटेलचा हिशेब



हॉटेलात जावे, बाकावर बसावे, चहा मागवावा आणि पैसे देऊन बाहेर पडावे, ही गोष्ट आज आपल्याला अगदी साधी वाटते. आपल्या आजा-पणज्यांसाठी ती साधी नव्हती. त्यांची कपबशी वेगळी, ती बाहेर ठेवलेली, ज्याची त्यानेच विसळायची. आणि पैसे हातात न घेता दुरून टाकायला लावत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, तो उगीच नाही.

आज त्याच हॉटेलच्या गल्ल्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. ग्राहक मोबाईल समोर धरतो आणि पैसे बँकेत जमा होतात. आता आपल्या समाजातील अनेक सुशिक्षित बेकार तरुण आणि बचत गटातील भगिनी नाश्ता सेंटर, भोजनालय, चहाटपरी अशा धंद्याकडे वळत आहेत. आरमोरीसारखे गाव त्याला सोयीचेही आहे. नागपूर-गडचिरोली रस्ता, जिल्ह्याच्या कामासाठी जाणारी माणसे, आठवडी बाजार, धानाचा हंगाम आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांच्या रात्री. गिऱ्हाईक येते, पण वर्षअखेर हातात काय उरते? या प्रश्नाचा आणि त्या चौकोनाचा जवळचा संबंध आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

चौकोनाची थोडी माहिती सांगतो. हा क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. आपल्याकडे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही पद्धत आणली, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने डॉ. बाबासाहेबांच्या नावाची आठवण म्हणून 'भीम' नावाचे ॲप काढले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनहून ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या महामानवाचे नाव पैशाच्या व्यवहाराला दिले, हे ठीकच. पण नुसत्या नावाने कोणाचा गल्ला भरत नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले. त्यात आपल्या माणसाचा चहाचा धंदा कुठे बसतो, ते पाहिले पाहिजे.

मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि पेशाने कारकून. त्यामुळे मला यंत्रापेक्षा वही आधी दिसते. छोट्या हॉटेलात पैसा कुठे गळतो? चोरीने फार थोडा, विसरण्याने फार जास्त. गर्दीच्या वेळी वेटर ओरडून सांगतो, "तीन चहा, दोन आलुबोंडा, एक तर्री पोहे!" कारागीर कढईजवळ असतो, त्याला अर्धे ऐकू येते. दोन आलुबोंड्यांच्या जागी समोसे येतात, ते परत जातात. मागाहून आणखी दोन चहा मागवले जातात. शेवटी गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन स्वतःच सांगतो, काय काय खाल्ले. तो खोटे बोलतो असे नाही, त्यालाही आठवत नाही. समजा दिवसाला दहा रुपयांचे दहा चहा आणि वीस रुपयांच्या चार प्लेटा अशा हिशेबाबाहेर राहिल्या, तर ते १८० रुपये झाले. महिन्याचे ५,४०० आणि वर्षाचे ६४,८०० रुपये. एवढ्या रकमेत दुकानाला फ्रीज येतो आणि वर काही महिन्यांचे भाडेही निघते.

मोठ्या हॉटेलांत यावर जुना उपाय आहे. वेटर टेबल नंबर टाकून चिठ्ठी लिहितो, एक प्रत आचाऱ्याकडे जाते, दुसरी गल्ल्यावर. चिठ्ठीशिवाय ताट बाहेर येत नाही. नवीन तंत्रज्ञानाने हीच चिठ्ठी मोबाईलवर आणली. वेटर पडद्यावर पदार्थाला बोट लावतो, स्वयंपाकघरातील छोट्या छपाई यंत्रातून ती निघते आणि त्याच नोंदीवरून बिल तयार होते. एकदा लिहिले की पुन्हा लिहायचे नाही, बेरीज चुकायची नाही. करोनाच्या साथीत शहरांतील हॉटेलांनी टेबलावरच कोड लावले आणि गिऱ्हाईक स्वतःच यादी पाहून मागवू लागला. आरमोरीत पाच टेबलांच्या भोजनालयाला एवढ्या सगळ्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कार्बन पेपरचे नंबर टाकलेले चिठ्ठीपुस्तक घ्या आणि तीन महिने निष्ठेने वापरा. ते जमले तर मोबाईलवरचे ॲप जमेल. ते जमले नाही, तर महागडे यंत्र गल्ल्यावर धूळ खात पडेल.

या नोंदीचा खरा फायदा महिनाअखेर कळतो. बाजाराच्या दिवशी कोणता पदार्थ किती गेला, कोणता उरून फेकावा लागला, नाटकाच्या रात्री दूध किती लागले, हे कागद सांगतो. त्यावरून दुसऱ्या महिन्याची खरेदी ठरते. आणखी एक गोष्ट आपल्या समाजासाठी महत्त्वाची आहे. हॉटेलात राबणारी बरीच पोरे आपलीच आहेत. संध्याकाळी गल्ल्यात तूट आली की पहिला संशय वेटरवर आणि कपात त्याच्या पगारातून. चिठ्ठी असेल तर तोच त्याचा साक्षीदार असतो. मात्र या नव्या पद्धतीने त्याचे एक नुकसान केले आहे. पूर्वी बशीत सुटे पैसे राहायचे, ती त्याची कमाई होती. आता सगळी रक्कम मालकाच्या खात्यात जाते. मालक आपला असेल तर त्याने बक्षिसी वेगळी मोजून आठवड्याला वाटून द्यावी.

आता पैशाकडे येऊ. सुट्ट्यांची कटकट संपली, हा फायदा सर्वांना दिसतो, एस.टी.च्या कंडक्टरच्या मशीनवरही आता तिकिटाचे पैसे असे देता येतात. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. रक्कम बोलून दाखवणाऱ्या डब्याचे महिन्याचे भाडे मात्र अनेक कंपन्या घेतात, ते आधी विचारून घ्यावे. पण मला मोठा वाटतो तो फायदा वेगळाच आहे. आपला माणूस कर्ज प्रकरण घेऊन बँकेत गेला की साहेब विचारतात, उत्पन्नाचा पुरावा काय? गल्ल्यातील नोटा पुरावा होत नाहीत. वर्षभर रोज खात्यात पडलेल्या वीस-तीस रुपयांच्या ओळी मात्र पासबुकात छापून येतात. मुद्रा योजनेचा अर्ज असो की महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचा, हे पासबुक सोबत जोडावे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत तर असे व्यवहार करणाऱ्याला थोडी रक्कम परत मिळते. २०२५ मध्ये त्या योजनेतील पहिल्या कर्जाची मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली.

आता जरा नाजूक विषय. कोड स्कॅन केला की पैसे देणाऱ्याच्या पडद्यावर खातेदाराचे नाव येते. वैयक्तिक बचत खात्याचा कोड लावला असेल तर पूर्ण नाव, आडनावासह. आणि आपल्याकडे आडनाव वाचले की काय वाचले जाते, हे वाचकांना मी सांगायला नको. एखादे गिऱ्हाईक पोहे खाऊन तृप्त होते, पैसे देताना नाव पाहते आणि पुन्हा फिरकत नाही, हे अशक्य नाही. हॉटेल मालकाच्या नावाचा प्रश्न किती वर जाऊ शकतो, ते २०२४ मध्ये दिसले. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील हॉटेलांना मालकाचे नाव लावण्याची सक्ती झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी तिला अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न मिळते ते लिहावे, नावाची सक्ती नको, असे न्यायालय म्हणाले. २०२५ मध्ये तेथेच क्यूआर कोड लावण्याच्या आदेशावरून वाद पुन्हा न्यायालयात गेला. नाव लपवा असा माझा सल्ला नाही. बाबासाहेबांचे छायाचित्र गल्ल्यामागे लावून ताठ मानेने धंदा करणारे आपले बांधव आहेत, त्यांना माझा सलाम. पण नाव दाखवायचे की नाही, हे मालकाने ठरवावे, यंत्राने नव्हे. उद्यम नोंदणी करावी, ती विनामूल्य आहे. दुकान नोंदणीचा कागद घ्यावा, दुकानाच्या नावाने बँकेत चालू खाते उघडावे आणि कोड त्या खात्याला जोडावा. मग पडद्यावर दुकानाचे नाव येते. घरखर्च आणि धंदा वेगळा राहतो, हा वरचा लाभ.

फसवणुकीबद्दल घरातील सर्वांनी वाचावे. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरचे 'पैसे गेले' हे चित्र खोटे बनवता येते, म्हणून आपल्या डब्याचा आवाज किंवा आपल्या खात्यातील जमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहोत भामट्यांनी रात्रीतून दुकानांच्या कोडवर आपले कोड चिकटवले होते. रोज सकाळी दुकान उघडताना एक रुपया स्वतः पाठवून पाहावा. आणि पिन टाकायचा तो पैसे देतानाच. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या ताईला नीट समजावून द्यावे.

जीएसटीची धास्ती अनेकांना वाटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा आल्या आणि काहींनी कोड काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. हॉटेल ही सेवा धरली जाते, तिला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते. म्हणजे सरासरी रोज साधारण साडेपाच हजार रुपये. टपरीवाला त्याच्या बराच आत असतो. जो त्याच्याजवळ पोहोचला त्याने कोड काढण्याऐवजी चांगला हिशेबनीस गाठावा, कारण उलाढाल रोखीत झाली तरी नियम तोच आहे.

राहिला प्रश्न आपल्या जंगल भागाचा. पावसात वीज जाते, नेटवर्क जाते. आणि दोष नेहमी आपल्याच टॉवरचा नसतो. १२ एप्रिल २०२५ रोजी, जयंतीच्या दोन दिवस आधी, साऱ्या देशात यूपीआय अडखळले होते. म्हणून गल्ल्यात सुटे ठेवावेच. साध्या बटणांच्या मोबाईलवरूनही पैसे देण्याची सोय मार्च २०२२ पासून आहे. पण खेड्यावरून दवाखान्यात आलेल्या म्हातारीला ते शिकवत बसू नये, तिच्या पदराच्या गाठीतली दहाची नोट घ्यावी आणि चिठ्ठीपुस्तकात 'रोख' असे लिहावे.

रात्री दुकान बंद करताना तीन आकडे एका ओळीत मांडावेत: चिठ्ठ्यांची बेरीज, गल्ल्यातील रोख, खात्यातील जमा. रोख आणि जमा मिळून चिठ्ठ्यांची बेरीज आली पाहिजे. जो फरक येईल त्यातून आधी उधारी वजा करावी, आणि त्या उधारीपुढे नाव व तारीख टाकावी.