वही एक, फायली दोन

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत आहे आणि तिची शाखा साताऱ्यात. साठ्याची एक्सेल फाइल एकच, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर सामायिक फोल्डरमध्ये. सकाळी शिल्लक 300 पोती. दुपारी साताऱ्यात नेट गेलं. तिथल्या पोरानं विकलेली 20 पोती वजा करून 280 लिहिली. त्याच सुमारास सांगलीत दिवाणजींनी नव्या सौद्याची 50 चढवून 350 केली. संध्याकाळी नेट आलं आणि फोल्डरमध्ये फायली झाल्या दोन, त्यातल्या एकीच्या नावाला लांबलचक शेपूट. दिवाणजींना वाटलं, व्हायरस शिरला.

व्हायरस नव्हता. दोन्हीकडचं फोल्डर जुळवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं उलट प्रामाणिकपणा दाखवला होता.

अशी काही सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर फाइल किती वेळा बदलली याची नोंद ठेवतात. सांगलीच्या प्रतीत साताऱ्याचे सगळे बदल आधीच आलेले असतील, तर सांगलीची प्रत पुढची; ती बिनधास्त सगळीकडे पाठवायची. पण इथं सांगलीला साताऱ्याचा बदल माहीत नाही आणि साताऱ्याला सांगलीचा. मग कोणती तरी एक पुसण्यापेक्षा दोन्ही ठेवलेल्या बऱ्या. ड्रॉपबॉक्स अशा जादा प्रतीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहितं, तर सिंकथिंग ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ.

मूळ नाव कुणाला मिळणार? सिंकथिंग ते उशिरा बदललेल्या प्रतीला देतं. पण ही वेळ ज्या-त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची. साताऱ्याचं घड्याळ तासभर पुढे असेल, तर आधी लिहिलेलीच प्रत मूळ नाव पटकावून बसेल. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवरून आधी काय आणि नंतर काय हे खात्रीनं ठरवता येत नाही, हा मुद्दा संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच मांडला होता.

नवी प्रत तीच खरी, असं नसतं हे सातबाऱ्यानं महाराष्ट्राला चांगलंच शिकवलं आहे. हस्तलिखित सातबारा कॉम्प्युटरवर चढला तेव्हा कुठे क्षेत्र चुकलं, कुठे खातेदाराचं नाव. संगणकातली प्रत नवी होती, तरी ताडून बघायची ती तलाठ्याच्या जुन्या कागदाशी. त्यासाठी ‘एडिट’ आणि ‘री-एडिट’ मॉड्यूल आली, गावोगाव चावडी वाचन झालं, आणि चुकांच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 155 चा आधार घ्यावा लागला.

हळदीकडे वळू. शिल्लक 280 की 350? दोन्ही चूक. खरा आकडा 330, आणि तो दोन्ही फायलींत नाही! तो काढायला तिसरी प्रत लागते, सकाळची 300 ची. तिच्यापासून कुणी काय बदललं ते पाहायचं आणि दोन्ही बदल एकत्र करायचे. प्रोग्रामर मंडळींचं गिट मजकुराच्या फायलींत हे ओळी-ओळीनं करतं, आणि दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर माणसाला विचारतं. एक्सेलची फाइल मात्र आतून झिप केलेलं गाठोडं. ओळी जुळवण्याची ती युक्ती तिथं चालत नाही.

तेव्हा दिवाणजींनी आधी जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू करावी. शेपटीवाली फाइल उघडून पाहिल्याशिवाय कुणी उडवू नये. आणि सांगलीच्या फाइलमध्ये फक्त सांगलीनं लिहावं, साताऱ्याच्या फाइलमध्ये साताऱ्यानं. तिसऱ्या फाइलला नुसती बेरीज करू द्यावी.