आलेख दिवसाचा, अलर्ट रात्रीचा

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात १९९५ साली हजाराहून अधिक माणसे ६४ किलोबिटच्या एकाच इंटरनेट लाइनवर काम भागवत होती. ती लाइन किती भरते हे सर्वांना दिसावे म्हणून टोबियास ओटिकर यांनी पर्लमध्ये एक प्रोग्राम लिहिला, तो एमआरटीजी. दर पाच मिनिटांनी राउटरला आकडा विचारायचा आणि त्याचा आलेख काढायचा, एवढेच त्याचे काम. त्यातून १९९९ मध्ये आकडे साठवणारे आरआरडीटूल निघाले आणि त्याच्या खांद्यावर पुढे कॅक्टी, म्युनिन यांसारखी देखरेखीची साधने उभी राहिली.

आरआरडीटूलची फाइल कधी वाढत नाही. जागा आधीच ठरलेली असते आणि जुन्या नोंदी सरासरीत विरघळत जातात. महागड्या डिस्कच्या काळात हा तोडगा फार हुशारीचा होता. पण सरासरी बरेच काही झाकते. एखाद्या मिनिटाला प्रोसेसर १०० टक्के भरला आणि उरलेली २९ मिनिटे १० टक्क्यांवर राहिला, तर अर्ध्या तासाची सरासरी येते अवघी १३ टक्के. गेल्या महिन्यातल्या गोंधळाचे कारण शोधणाऱ्याला तिथे सपाट रेघ दिसते. कमाल आकडाही जपायचा, हे फाइल तयार करतानाच सांगून ठेवावे लागते.

बिघाड झाला की कळवणाऱ्या अलर्टचे घराणे वेगळे. एथन गॅलस्टॅड यांचे १९९९ चे नेटसेंट २००२ मध्ये नागिओस झाले. त्याची तपासणी शेवटी चारच उत्तरे देते : ठीक, सावध, गंभीर, अज्ञात. या साधेपणामुळे कोणीही चार ओळींची स्क्रिप्ट लिहून नवी तपासणी जोडू शकतो आणि म्हणूनच ते इतके पसरले. अडचण अशी, की आलेख एका साधनात आणि अलर्ट दुसऱ्यात. दोघांचे आकडे जुळले नाहीत, की ऐन घाईत वाद कोणाचे खरे मानायचे यावर. लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांच्या झॅबिक्सने दोन्ही कामे एका छपराखाली आणली. स्विच, प्रिंटर, विंडोज सर्व्हर असा मिश्र पसारा आणि सांभाळायला एकदोन माणसे, अशा कचेरीसाठी मी आजही आधी त्याचेच नाव घेईन.

बर्लिनच्या साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रॉमिथियसने पुढचा टप्पा गाठला. गूगलच्या बोर्गमॉन या अंतर्गत देखरेख साधनावरून त्याची प्रेरणा. सर्व्हरने आकडे पाठवायचे नाहीत, प्रॉमिथियसने जाऊन ते आणायचे. त्यामुळे सर्व्हर गप्प झाला तर तेही लगेच कळते. पण खरे मोल आहे ते त्याच्या प्रश्न विचारायच्या भाषेत. डिस्क ९० टक्के भरली की अलर्ट, हा नियम सगळीकडे डोळे मिटून लावला जातो. २० जीबीच्या डिस्कवर तेव्हा २ जीबी उरलेले असतात, ४ टीबीच्या डिस्कवर ४०० जीबी. दोन्हीकडे सारखी घाई कशाला? प्रॉमिथियसला विचारता येते, की गेल्या सहा तासांच्या वेगाने ही डिस्क पुढच्या चार तासांत संपेल का? झोपलेल्या माणसाला उठवायला योग्य असा हा प्रश्न आहे. आलेखासाठी सोबत बहुधा ग्राफाना असते. टॉर्केल ओडेगार्ड यांनी ते किबाना या डॅशबोर्ड साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीतून २०१४ मध्ये वेगळे काढले. मात्र प्रॉमिथियस काही सांगितले नाही तर १५ दिवसांचेच आकडे ठेवते. दोन वर्षांची तुलना हवी असेल तर साठवणीची सोय वेगळी करावी लागते.

निवड करताना बहुतेक ठिकाणी डॅशबोर्डची शोभा पाहिली जाते. मला हे उलटे वाटते. आलेख दिवसा, विचार करताना पाहायचा असतो; अलर्ट रात्री माणसाची झोप मोडतो. म्हणून साधन तपासताना आधी त्याचे अलर्ट पाहावेत. एक स्विच बंद पडला, की त्यामागच्या ४० सर्व्हरांचे ४० संदेश येतात, की एकच? देखभालीच्या वेळी अलर्ट ठरावीक काळापुरते गप्प बसवता येतात का? प्रॉमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये संदेश एकत्र बांधणे, मूळ बिघाड कळल्यावर त्याच्या पोटातले दाबणे आणि मुदतीपुरते शांत करणे, हे तिन्ही आहे. नागिओसलाही कोणता सर्व्हर कशामागे आहे हे सांगता येते, पण ते हाताने लिहावे लागते. ज्या अलर्टवर करण्यासारखे काहीच नसते तो पुन्हा पुन्हा आला, की माणसे फोन पालथा ठेवतात आणि खरा अलर्टही त्यातच बुडतो.

आणि नजर ठेवणारा सर्व्हरच पडला तर? तेव्हा एकही अलर्ट येत नाही आणि सगळे आलबेल भासते. यासाठी एक अलर्ट मुद्दाम कायम वाजता ठेवतात आणि त्याचा संदेश बाहेरच्या, वेगळ्या जागेतल्या सेवेकडे जात राहतो. तो थांबला, की ती सेवा फोन करते. कोणतेही साधन घेतलेत तरी ही तजवीज पहिल्याच दिवशी करावी आणि तो बाहेरचा पहारा त्याच इमारतीतल्या विजेवर चालत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.