सुटीचा सामाईक वार

कांदिवली स्टेशनावर कामाच्या दिवशी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास जो देखावा दिसतो, तो रविवारी दिसत नाही. एरवी चर्चगेटकडे जाणारी गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच माणसे तीत शिरण्याच्या पवित्र्यात उभी असतात आणि गाडी सुटल्यावर फलाट पुन्हा भरण्यास क्षणाचाही अवधी लागत नाही. रविवारी त्याच फलाटावर लोक मुलाबाळांसह उभे असतात. कोणाच्या हातात फळांची पिशवी, कोणाच्या कडेवर झोपलेले मूल. एखादे आजोबा नातवाला इंडिकेटरवरील अक्षरे वाचावयास लावीत असतात. फलाट तोच, माणसेही बहुधा तीच. मग हा पालट कशाने होतो? सुटीमुळे, असे उत्तर कोणीही देईल. पण एखाद्याला मंगळवारी एकट्याला मिळालेली सुटी आणि रविवारी सर्वांना मिळून मिळालेली सुटी या दोन अगदी निराळ्या वस्तू होत. पहिलीत विश्रांती मिळते. दुसरीत माणसे मिळतात. हा भेद हल्ली फारसा कोणी ध्यानात घेत नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित होईल.

वाराची सुटी ही आपल्याकडे मूळची नव्हे. शेतकऱ्याची विश्रांती ऋतूवर आणि तिथीवर अवलंबून असे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, कित्येक गावी अवसेला औत धरावयाचे नाही, जत्रेच्या दिवशी तर साऱ्या गावानेच हात आवरावयाचे. दर सात दिवसांनी येणारी रविवारची सुटी इंग्रजी कचेऱ्यांबरोबर आली आणि पुष्कळ काळ ती कचेरीपुरतीच राहिली. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगाराच्या वाट्याला ती आली नाही. गिरणीत विजेचे दिवे येण्यापूर्वी सूर्य उगवला की काम सुरू होई व मावळला की थांबे.

ही स्थिती पालटण्याचे श्रेय नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जाते. लोखंडे (१८४८–१८९७) हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे चालक. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील पहिली मागणी रविवारच्या सुटीची होती. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई या मागण्या तिच्यामागून येत. रविवारच का, यासंबंधी असे सांगतात की, रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा मुद्दा लोखंड्यांनी पुढे केला होता. साहेबाचा देवळात जाण्याचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला, हा योगायोग मोठा सोयीचा खरा. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि पुढील वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुटीला स्थान मिळाले. भारत सरकारने २००५ साली लोखंड्यांच्या स्मरणार्थ पोस्टाचे तिकीट काढले. तथापि, रविवारी सकाळी अंथरुणात लोळत पडलेल्यांपैकी कितीजणांस हे नाव ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

या हकिकतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. लोखंड्यांनी 'आठवड्यातून एक दिवस' एवढेच मागितले नाही. सर्वांना एकच दिवस मागितला. गिरणी अखंड चालू ठेवून कामगारांना पाळीपाळीने सोडता आले असते. पण तसे झाले असते तर नवरा एका दिवशी मोकळा, बायको दुसऱ्या दिवशी आणि शेजारी तिसऱ्या दिवशी अशी अवस्था झाली असती. मग भजनीमंडळ कधी जमणार आणि सभा तरी कधी भरणार?

ही केवळ कल्पना नव्हे. १९२९ साली सोव्हिएट रशियाने हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. यंत्रे एकही दिवस थांबू नयेत म्हणून तेथे पाच दिवसांचा अखंड आठवडा सुरू करण्यात आला. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकास एकेक रंग दिला. चार दिवस काम आणि पाचव्या दिवशी विश्रांती. पण प्रत्येक रंगाची विश्रांती निराळ्या दिवशी. वास्तविक हिशेबाने पाहता सुटी वाढली होती. पूर्वी सातात एक दिवस मिळे, तो आता पाचात एक मिळू लागला. तरीही लोक नाखूश झाले. पती पिवळा आणि पत्नी हिरवी, म्हणजे दोघांची गाठ सुटीच्या दिवशी कधीच पडावयाची नाही! घरी बसून करावयाचे काय, असे गाऱ्हाणे जो तो करू लागला. दोनच वर्षांत, म्हणजे १९३१ साली, सर्वांना एकच विश्रांतीचा दिवस देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० साली नेहमीचा सात दिवसांचा आठवडा व रविवार परत आणावा लागला. सुटीचे मोल दिवसांच्या संख्येत मोजता येत नाही, हे एवढ्या मोठ्या राष्ट्राला अकरा वर्षांत कळले.

आता पुन्हा कांदिवलीकडे वळू. हे स्टेशन १९०७ साली झाले, तेव्हा भोवती साष्टीतील खेडी आणि भातशेते होती. पुढे बॅक बेचा समुद्र हटविण्याच्या कामी येथील टेकडीचा दगड-मुरूम आगगाडीने मुंबईस जाऊ लागला. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली, १९५७ साली हा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला आणि पूर्वी जेथून दगड जात, तेथून माणसे जाऊ लागली. चर्चगेट येथून तीस-एकतीस किलोमीटर दूर आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत दीड तास धरला, तर जाऊन येऊन तीन तास होतात. सहा दिवसांचे अठरा तास. म्हणजे आठवड्यात जागेपणाचा एक सबंध दिवस गाडीत उभे राहण्यात जातो. उपनगरातील माणसाची सुटी ही प्रथम या दिवसाची भरपाई असते. त्यामुळे रविवारी दुपारी तो गाढ झोपला, तर त्याला आळशी म्हणण्याचे कारण नाही.

परंतु या सुटीचे अलीकडे तुकडे पडू लागले आहेत. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार सुटीचा झाला. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. इकडे ही वाढ होत असता दुकानांची गोष्ट उलट्या दिशेने गेली. पूर्वीच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने ते सातही दिवस उघडे ठेवण्यास मोकळीक दिली. नोकराला आठवड्याची सुटी द्यावीच लागते, पण ती पाळीने. आता चारकोपातील एखादे साधारण कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वडील सरकारी कचेरीत, त्यांना शनिवार-रविवार मोकळे. मुलगी मोठ्या दुकानात कामाला. रविवारी गिऱ्हाईक अधिक म्हणून तिची सुटी बुधवारी. मुलगा दहावीत, त्याचा क्लास नेमका रविवारी सकाळी. या घरात सुट्यांची बेरीज केली तर ती पुष्कळच भरेल. पण चौघे एका पंगतीला बसतील अशी वेळ शोधू गेल्यास रविवारी रात्री नवाच्या पुढेच सापडावयाची. रशियातील रंगीत गट येथे कोणी हुकूम न काढताच निर्माण झाले आहेत.

यावर कोणी म्हणेल की, दुकाने रविवारी बंद ठेवा. ते होणे नाही आणि व्हावे असेही नाही. एकाच्या विरंगुळ्यासाठी दुसऱ्याला राबावे लागते, हे शहराचे नित्याचेच आहे. नाटकगृहाचा पडदा ओढणारा, बसचा कंडक्टर, रुग्णालयातील परिचारिका यांचा रविवार हा कामाचाच वार. पश्चिम रेल्वेवर पुष्कळदा रविवारी पाच-पाच तासांचा ब्लॉक असतो. रूळ, वरची तार आणि सिग्नल यांची दुरुस्ती चालत्या गाडीखाली करता येत नाही, म्हणून प्रवासी सर्वांत कमी असतील असा दिवस निवडतात. मालाड-बोरिवलीकडचे लोक त्या दिवशी गाडी उशिरा आली म्हणून कुरकुरतात; पण सोमवारची गाडी वेळेवर जावी म्हणून रुळावर घण मारणाऱ्या माणसाचाही घरी एक मुलगा वाट पाहत असतो, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

आणि ज्या घरात रविवार बिनचूक येतो, त्या घरातही तो सर्वांना येतो काय? रविवारी सकाळी कोळणीपुढे आणि मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. पिशवी घेऊन घरी येणाऱ्या गृहस्थाचे काम तेथे संपते आणि गृहिणीचे सुरू होते. एरवी पोळी-भाजीवर भागते; रविवारी वाटण, सार, वडे आणि वर चार पाहुणे. दुपारी सर्व मंडळी सुस्त होऊन पडली म्हणजे तिच्यापुढे भांड्यांचा ढीग असतो. कित्येक घरी ती बाईही सोमवार ते शनिवार त्याच गाडीत उभी राहून नोकरीस जात असते. १८९० च्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या, त्यांच्या गिरणीला सुटी मिळाली. चुलीला अद्याप मिळालेली नाही. सहलीच्या गप्पा मारणाऱ्या पुरुषांनी प्रथम या प्रश्नाचा निकाल लावावा. खिचडी आणि पापड यांवरही रविवार उत्तम साजरा होतो, आणि खिचडी करण्यास फार मोठे पाककौशल्य लागत नाही.

मग सामाईक वेळ कसा राखावा? सबंध दिवस मिळत नसेल, तर दोन तास धरावेत. मात्र ते दर आठवड्यास तेच असावेत. पोयसरच्या ख्रिस्ती बांधवांकडे पाहावे. रविवारची प्रार्थना ठरल्या घटकेस होते, म्हणून तीनंतर चर्चच्या आवारात नातलगांची व स्नेह्यांची भेट निमंत्रणावाचून होते. कोणाला फोन करावा लागत नाही, 'बघू, जमलं तर येतो' हे आपले आवडते वाक्य उच्चारण्याचा प्रसंग येत नाही. दूरदर्शनवर १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा शेजारपाजारचे लोक एका खोलीत दाटीने बसत, त्याचेही रहस्य हेच. कार्यक्रमाची योग्यता काहीही असो, वेळ सर्वांची एक होती. आता चौघांच्या हाती चार पडदे आले आणि प्रत्येकाची वेळ निराळी झाली.

जागेची उणीव कांदिवलीकरांनी सांगू नये. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अगदी शेजारी आहे. त्याचा विस्तार शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक. उद्यानाच्या दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. एकाच काळ्या डोंगरात शंभरावर गुंफा, आणि बहुतेक गुंफांपुढे कातळातच कोरलेले बसावयाचे ओटे. कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी या लेण्यांना दाने दिली, असे तेथील शिलालेख सांगतात. पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमण थांबवून एके ठिकाणी राहावे, असा त्यांचा नियम होता. म्हणजे वर्षातून काही महिने एकत्र राहण्यासाठीच असे विहार उपयोगी पडत. बहुतेक गुंफांजवळ पाण्याचे टाके खोदलेले आहे, ते मुलांस अवश्य दाखवावे. एवढ्या लोकांना डोंगरावर पाणी कसे पुरले, याचे उत्तर ती स्वतःच शोधून काढतात. सकाळी लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे आणि पावसात पायऱ्यांवर जपून चालावे. समुद्र हवा असल्यास मालाडजवळच्या मार्व्याहून मनोरीस होडी जाते. खाडी ओलांडण्यास काही मिनिटेच लागतात, पण मुलांना ती सफर गाडीच्या तासाभराच्या प्रवासाहून मोठी वाटते. बोरिवलीस प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. आजीला नाटक पाहावयाचे तर आता दादर गाठण्याची गरज नाही.

पण दर आठवड्यास इतके दूर जाणे व्हावयाचे नाही, आणि त्याची गरजही नाही. चारकोपची वसाहत १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली गेली, तेव्हा लहान लहान भूखंडांचे समूह मध्ये मोकळे अंगण सोडून मांडले होते. आखणाऱ्यांना ठाऊक होते की, घर लहान असले की माणसाला बसावयास बाहेर जागा लागते. अशा अंगणांत आज पुष्कळ ठिकाणी मोटारसायकली उभ्या दिसतात. रविवारी संध्याकाळी सहा ते आठ एवढाच वेळ त्या दुसरीकडे लावल्या, तर दहा खुर्च्या, एक कॅरम आणि चहाची किटली यांस पुरेशी जागा होते.

बुधवारी सुटी असलेल्या मुलीची अडचण याने सर्वस्वी सुटत नाही. ती रात्री दहाच्या सुमारास दुकानातून परतते. काही घरी अशा मुलीसाठी रविवारचे जेवण रात्री साडेदहापर्यंत थांबवून ठेवतात. आजी तेवढा वेळ भुकेली राहते, कोणी पुढे जेवून घे म्हटले तरी ऐकत नाही. जिन्यावर चप्पल वाजली की मुलगा उठून ताटे मांडू लागतो.