साल्झबर्गात बाबागाडीमागे

परदेशी जाऊन आलेला मनुष्य काय काय पाहिले ते सांगतो. मला मात्र आधी काय पाहायचे राहिले ते सांगावे लागेल. साल्झबर्गचा किल्ला मी खालूनच पाहिला. १०७७ साली बांधायला घेतलेला तो गड, वर जाणारी १८९२ सालची दोराची आगगाडी, सारे डोळ्यांसमोर होते. पण पाय तिकडे वळले नाहीत. कारण त्या दिवशी शहर पाहण्याचा क्रम माझ्या हाती नव्हता. तो सव्वादोन वर्षे वयाच्या एका गृहस्थाच्या हाती होता.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या भाचीचा मुलगा. आम्हां भावंडांत मी शेंडेफळ आणि ताई थोरली, त्यामुळे चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना मी मामाआजोबा झालो. भाची म्युनिकला असते. मे महिन्याच्या सुटीत शिकवण्या बंद ठेवून मी तिच्याकडे गेलो होतो. तिला एक दिवस कामासाठी साल्झबर्गला जायचे होते. म्युनिकहून आगगाडीने पावणेदोन तासांची वाट. "मामा, तुम्हीही चला. तीनपर्यंत माझे काम संपेल. तोवर तुम्ही गाव पाहा, आणि याला सांभाळा," ती म्हणाली. वाक्याच्या पहिल्या भागाने मी इतका हरखलो, की दुसऱ्याकडे माझे लक्षच गेले नाही.

साल्झबर्ग म्हणजे मिठाचा गड. जवळच्या खाणींतल्या मिठावर हे गाव श्रीमंत झाले. मोझार्टचे गाव म्हणून त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण आपल्या बडोद्याच्या वाचकाला ते जवळचे वाटावे याचे कारण वेगळे आहे. हे एक संस्थान होते. तिथला आर्चबिशप हा धर्मगुरूही आणि राजाही. त्याचा वाडा, त्याचे तबेले, त्याचे भालदार, आणि त्याच्या पदरी वादकांचा ताफा. १८०३ साली हे धर्मगुरूंचे राज्य खालसा झाले आणि १८१६ साली गाव कायमचे ऑस्ट्रियात गेले. राज्य गेले, वाडे राहिले, आणि वाड्यांतून वाजलेले संगीत राहिले. ही कहाणी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

माझे वडील १९४७ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बडोद्याच्या कलावंत कारखान्यात दिलरुबा वाजवायला लागले. दोन वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दोन वर्षांची ती दरबारची नोकरी वडिलांनी पुढे जन्मभर पुरवली. मी तिच्या गोष्टी ऐकतच वाढलो, आणि त्यांच्याच गजाचा मार बोटांवर खात दिलरुबा शिकलो. तेव्हा दरबारी वादक लेओपोल्ड मोझार्ट याच्या मुलाचे गाव पाहायला बडोद्याच्या दरबारी वादकाचा मुलगा निघाला होता. मनात अशी जुळणी करून मी मोठ्या गांभीर्याने आगगाडीत बसलो. समोर आमचे धाकटे सरकार केळे खात होते.

सकाळी अकराच्या आधी आम्ही रेसिडेन्झ चौकात पोचलो. नव्या वाड्याच्या मनोऱ्यावर तिथे पस्तीस घंटांचे वाद्य आहे. एका आर्चबिशपाने १६९५ साली या घंटा अँटवर्पच्या ओतारीकडून विकत घेतल्या, आणि १७०४ पासून त्या वाजत आहेत. सकाळी सात, अकरा आणि सायंकाळी सहा, अशा त्यांच्या तीन वेळा. मोझार्टच्या बाळपणी रोज कानावर पडत तेच हे नाद. मी बाबागाडी मनोऱ्याकडे तोंड करून उभी केली आणि श्वास रोखून वाट पाहू लागलो.

घंटा वाजू लागल्या. काही स्वर किंचित उतरलेले वाटले, आणि ते खटकण्याऐवजी गोड लागले. आमच्या आळीतल्या मंदिराची घंटाही अशीच काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी बोलते. मी वाकून म्हटले, "ऐक, घंटा!" धाकटे सरकार ऐकत नव्हते. चौकात भाड्याच्या घोडागाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या एका घोड्याने नुकतेच आपले प्रातर्विधी उरकले होते. सरकारांचे सारे लक्ष तिकडे. "घोडा शी!" अशी घोषणा त्यांनी तीनदा केली. तिन्ही वेळा ती घंटांपेक्षा मोठी होती.

खरे सांगायचे तर मला राग आला. अडीचशे-तीनशे वर्षांचा नाद कानांवर पडतो आहे, आणि हे पोर लीद पाहते आहे! मी गाडी पुन्हा मनोऱ्याकडे फिरवली. त्याने मान उलटी वळवली. मी पुन्हा फिरवली. मग त्याने भोकांड पसरले आणि उरलेली धून त्यात बुडाली.

हा राग माझ्या ओळखीचा होता. पण त्याविषयी पुढे सांगतो.

शेजारीच कॅथीड्रल आहे. आजची इमारत १६२८ साली पवित्र करण्यात आली. १९४४ सालच्या बाँबहल्ल्यात तिचा घुमट कोसळला आणि १९५९ साली ती पुन्हा पुरी झाली. घुमटाखालच्या चार खांबांवर चार ऑर्गन आहेत, मोठा मुख्य ऑर्गन निराळा. १७७९ पासून १७८१ पर्यंत मोझार्ट इथे दरबारी ऑर्गनवादक होता. आत शिरल्याबरोबर डावीकडे, १३२१ सालचे काशाचे पात्र आहे. २८ जानेवारी १७५६ रोजी, एक दिवसाच्या मोझार्टचा बाप्तिस्मा याच पात्रापाशी झाला. ते पात्र चार सिंहांच्या पाठीवर उभे आहे, आणि हे सिंह पात्राहूनही जुने आहेत.

सिंह पाहताच सरकारांचे रडे थांबले. ते गाडीतून उतरले, एका सिंहासमोर उकिडवे बसले आणि त्याच्याशी मराठी व जर्मन अशा संमिश्र भाषेत काही बोलले. उत्तर येईना, तेव्हा त्यांनी सिंहाला शिकवावे तशी डरकाळी फोडली. "आऽऽ!"

मी दचकून त्याच्या तोंडावर हात ठेवणार, इतक्यात तो आवाज वर गेला. घुमटात फिरला आणि क्षणभराने सावकाश खाली आला. पोराचे डोळे मोठे झाले. त्याने वर पाहिले. मग, या खेपेस हळू, पुन्हा "आऽ" केले आणि तोंड उघडे ठेवूनच तो ऐकत राहिला. आवाज परत आला. तिसऱ्यांदा त्याने स्वर थोडा लांबवला. जवळच एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्याही मान वर करून ऐकू लागल्या.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मुलगा काही सुरात गात नव्हता. त्यात विलक्षण असे काही नव्हते. पण मी वीस वर्षे संगीत शिकवतो आहे, आणि शिष्याने स्वर लावून मग तो कुठे जातो ते कान देऊन ऐकावे, एवढ्यासाठी वर्षेच्या वर्षे ओरडतो आहे. इथे ते कुणी न सांगता घडले होते. आणि मी तर त्याच्या तोंडावर हात ठेवायला निघालो होतो.

तिथून गेट्राइडेगासे या अरुंद गल्लीतले नऊ क्रमांकाचे पिवळे घर. बाबागाडी खाली ठेवून, नातवाला कडेवर घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर चढलो. मोझार्ट कुटुंब १७४७ ते १७७३ या घरी भाड्याने राहत होते. सात मुले झाली, जगली दोनच: १७५१ ची मारिया आना, घरात जिला नानेर्ल म्हणत, आणि सर्वांत धाकटा वोल्फगांग. १८८० पासून इथे संग्रहालय आहे. मोझार्टचे लहानपणचे व्हायोलिन तिथे ठेवले आहे. ते पाहून माझ्या पोटात कसेसेच झाले, कारण वडिलांनी माझ्यासाठी करवून घेतलेला छोटा दिलरुबा मला आठवला.

लेओपोल्ड हा नावाजलेला शिक्षक. व्हायोलिन शिकण्याविषयीचा त्याचा ग्रंथ मुलाच्या जन्माच्या वर्षीच, १७५६ साली, निघाला. मुलीसाठी त्याने १७५९ साली सोप्या धुनांची एक वही तयार केली होती. त्याच वहीवर पुढे मुलगाही शिकला, आणि कोणती धून मुलाने केव्हा बसवली याची टिपणे बापाने तिच्यात करून ठेवली. एक टिपण असे, की अमुक मिन्युएट पोराने अर्ध्या तासात बसवले; पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, रात्री साडेनऊ वाजता. चरित्रकार इथे बालकाच्या बुद्धीने थक्क होतात. माझे लक्ष मात्र त्या साडेनवावर खिळले. चार वर्षांचे मूल, जानेवारीतली रात्र, आणि बाप अजून घड्याळ पाहतो आहे.

माझ्या वडिलांनीही मला असेच बसवले. मीही माझ्या मुलाला असेच बसवले. आज तो सोळा वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी एक मींड चुकली, मी गज काढून घेतला आणि चार माणसांदेखत बोललो. त्याने शांतपणे दिलरुब्याला गिलाफ चढवला. त्यानंतर तो उतरलेला नाही. घरात आम्ही शाळेविषयी, क्रिकेटविषयी, जेवणाविषयी बोलतो. संगीत शिकवणाऱ्याच्या घरात संगीताचा विषय तेवढा निघत नाही.

दुपारी नदी ओलांडली. पादचारी पुलाच्या जाळीला प्रेमिकांनी हजारो कुलुपे लावली आहेत. सरकारांनी त्यातल्या बऱ्याच कुलुपांना हात लावून "हे?" असे विचारले. दर वेळी "कुलूप" म्हणून सांगावे लागले. पाऊण तास गेला. पलीकडे पोचेपर्यंत ते माझ्या खांद्यावर झोपले होते. त्यामुळे माकार्ट चौकातले मोझार्टांचे दुसरे घर मला सावकाश पाहता आले.

हे घर नृत्यशिक्षकाचे घर म्हणून प्रसिद्ध होते. १७७३ साली मोझार्ट इथे आले. १९४४ साली बाँब पडून त्याचा मोठा भाग गेला. ते पुन्हा बांधून १९९६ साली उघडण्यात आले. लेओपोल्ड १७८७ साली वारला तो याच घरात. चाळीस वर्षांहून अधिक नोकरी करूनही तो उपप्रमुखाच्या वर चढला नाही. दरबारी वादकाची पायरी काय होती, तेही मुलानेच लिहून ठेवले आहे. १७८१ साली व्हिएन्नात आर्चबिशपाच्या मुक्कामी जेवणाच्या मेजावर त्याची जागा खाशा नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर होती. त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. बापाला ते कधीच पुरते मानवले नाही.

याच घरातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नानेर्लचे लग्न १७८४ साली झाले. नवरा दोनदा विधुर, पाच मुलांचा बाप, आणि राहायला सुमारे तीस किलोमीटरवरच्या खेड्यात. पुढच्या वर्षी बाळंतपणाला ती माहेरी आली. ती परत गेली, पण मुलगा आजोबांजवळ राहिला. साठी ओलांडलेला, बायको वारलेली, असा हा कडक शिस्तीचा मास्तर पुढची पावणेदोन वर्षे तान्हे मूल सांभाळत होता. पोर कसे झोपले, काय खाल्ले, याची पत्रे तो मुलीला पाठवी. आणि त्याच सुमारास, १७८६ साली, वोल्फगांगने विचारले की इंग्लंडच्या दौऱ्यापुरती माझी मुले सांभाळाल का. बापाने चक्क नाही म्हटले. नातू आपल्याजवळ आहे हेदेखील त्याने मुलाला कळवले नव्हते. ते त्याला परस्पर कळले होते. पुढच्या मे महिन्यात लेओपोल्ड गेला. बापलेकांची गाठ पुन्हा पडली नव्हती.

खांद्यावर झोपलेल्या पोराचा ओला श्वास मानेला लागत होता. नातवापाशी इतका मऊ होणारा मनुष्य मुलापाशी असा का अडला, हे मी त्या खोल्यांतून फिरताना स्वतःला विचारत राहिलो. मुलाने वाजवलेला प्रत्येक स्वर बापाला आपल्या हिशेबात जमा धरायचा असतो. नातवाकडून काही येणे नसते, म्हणून त्याची डरकाळीसुद्धा ऐकू येते. हे उत्तर लेओपोल्डला लागू पडेल न पडेल. मला लागू पडले.

तीन वाजता भाची मिराबेल बागेत आली. तिथे सतराव्या शतकाच्या शेवटी घडवलेले संगमरवरी बुटके आहेत, आणि सरकार जागे होऊन त्यातल्या एकाच्या गुडघ्याला मिठी मारून उभे होते. "काय काय पाहिलेत, मामा?" तिने विचारले. "घोडा, सिंह आणि कुलुपे," मी म्हणालो. ती हसली. किल्ला राहिला म्हणून हळहळली. मी हळहळलो नाही.

बडोद्यास परतून आता दोन महिने झाले. आल्या आठवड्यात मी मुलाच्या दिलरुब्याच्या तारा बदलल्या, गजाला राळ लावली आणि वाद्य गिलाफाबाहेर, दिवाणखान्यात भिंतीशी टेकवून ठेवले. त्याला काही बोललो नाही. तो वाजवायला बसलेला नाही. परवा मी बाहेरून आलो तेव्हा आत एक मोकळी तार छेडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तार उतरली होती. मी चपला काढल्या आणि तो नाद विरेपर्यंत जिन्यातच उभा राहिलो.